रक्ताचा दाटपणा कमी करणाऱ्या गोळ्यांनी मधुमेहातील रेटिनाचा आजार आटोक्यात येतो का?

आपल्या वडिलांना डायबेटिक रेटिनोपॅथीचे (मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला होणाऱ्या आजाराचे) निदान झाले आहे आणि ‘रक्त घट्ट झाल्याने डोळ्यांना पुरवठा कमी पडतो’ असे कोणी सांगितल्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी सुरू करावी का, असे आपण विचारले आहे. मी रेटिनाच्या रुग्णांवर उपचार करतो आणि हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. आपण ऐकले त्यात तथ्य आहे. मात्र त्यावरून सुचणारा उपचार चाचण्यांमध्ये टिकलेला नाही.

तांबड्या पेशीचा व्यास साधारण ७ ते ८ मायक्रॉन असतो, तर रेटिनातील अनेक केशवाहिन्या त्याहून अरुंद असतात. निरोगी पेशी दुमडून, लांबट होऊन त्यांतून पार होते. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की ती पेशीच्या आवरणातील प्रथिनांना चिकटते, आवरण ताठर होते आणि पेशीला वाकणे जड जाते. त्यातच फायब्रिनोजेन हे रक्त गोठण्यास लागणारे प्रथिन वाढल्याने प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील द्रव भाग, दाट होतो, तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीला धरून वाट अडवतात. परंतु याच काळात ती भिंतही बिघडत असते: तिला आधार देणाऱ्या पेरिसाइट पेशी नष्ट होतात आणि काही केशवाहिन्या कायमच्या बंद पडतात. पुरवठा तुटलेला रेटिनाचा भाग व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतो. त्यामुळे वाहिन्या पाझरतात, मॅक्युलाला (रेटिनाच्या स्पष्ट दिसणाऱ्या मध्यभागाला) सूज येते आणि पुढे नाजूक नव्या वाहिन्या फुटून रक्तस्राव होतो. दाटपणा कमी केल्याने बंद झालेली वाहिनी उघडत नाही, हे मला येथे सर्वांत महत्त्वाचे वाटते.

कॅल्शियम डोबेसिलेट हे औषध रक्ताचा दाटपणा आणि वाहिन्यांचे पाझरणे कमी करते, या आधारावर अनेक वर्षे दिले गेले. पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ५ वर्षे चाललेल्या मोठ्या चाचणीत त्याने मॅक्युलाची सूज टळली नाही. पेंटॉक्सिफायलिन तांबड्या पेशींची लवचिकता वाढवते, तरीही त्याने दृष्टी वाचते असा भरवशाचा पुरावा उपलब्ध नाही. ॲस्पिरिन मुळात रक्ताची गुठळी बनवणाऱ्या प्लेटलेटवर काम करते, दाटपणावर नव्हे. अमेरिकेतील ईटीडीआरएस या चाचणीत रोज ६५० मिलिग्रॅम देऊनही रेटिनोपॅथीची वाढ थांबली नाही. डोळ्यातील रक्तस्रावही वाढला नाही. म्हणून वडिलांना हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर डोळ्याच्या भीतीने ते बंद करू नये.

गोळ्यांपैकी विचार करण्याजोगी आहे ती फेनोफायब्रेट, म्हणजे रक्तातील चरबी कमी करणारी गोळी. टाइप २ मधुमेहात २००७ च्या फील्ड अभ्यासात तिने लेसरची गरज कमी केली आणि २०१० च्या अकॉर्ड आय अभ्यासात आजार बळावण्याचे प्रमाण १०.२ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर आले. ती फायब्रिनोजेनही कमी करते, मात्र लाभ त्यामुळेच होतो असे सिद्ध झालेले नाही. ही गोळी सुरू करण्यापूर्वी मूत्रपिंडाचे कार्य तपासणे आवश्यक असते.

साखर आणि रक्तदाब यांवरील नियंत्रण अर्थातच हवे. मॅक्युलाला सूज असून दृष्टी घटत असेल, तर रॅनिबिझुमॅब, अफ्लिबर्सेप्ट किंवा बेव्हॅसिझुमॅब यांसारखी व्हीईजीएफला रोखणारी इंजेक्शने लागतात, आणि नव्या वाहिन्या फुटल्या असतील तर लेसर किंवा हीच इंजेक्शने. त्यामुळे सूज किंवा नव्या वाहिन्या आहेत का, हे आधी ओसीटी (रेटिनाच्या थरांचे प्रकाशाने घेतलेले स्कॅन) आणि बाहुली मोठी करून केलेल्या तपासणीतून जाणून घ्या, आणि तसे आढळल्यास कोणत्याही गोळीचा गुण येण्याची वाट पाहत तो उपचार पुढे ढकलू नका.