मिस मॅक्लाउड्स रील ही फिडलवरची धून मूळची आयरिश आहे का? तिच्या नावातली ही बाई कोण?

तुम्ही ही धून आयरिश वादकांकडून ऐकलीत, त्यामुळे ती तिथलीच वाटणं साहजिक आहे. मलाही तसंच वाटायचं. मी पुण्यात हिंदुस्थानी पद्धतीचं व्हायोलिन शिकलो आणि नोकरीसाठी एडिनबराला आल्यावर फिडलच्या, म्हणजे इथल्या लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या, बैठकांना जाऊ लागलो. तिथे शिकलेली ही पहिली रील (जलद नाचाची धून), म्हणून तिच्यावर जरा जास्तच जीव आहे.

धून स्कॉटलंडची आहे, असं मी ठामपणे म्हणेन. नील गाउ हा पर्थशरमधला नामवंत फिडलर 1807 मध्ये वारला. त्याच्या मुलांनी 1809 मध्ये गाउ घराण्याचा धुनांचा पाचवा संग्रह छापला. त्यात ही धून ‘रासेच्या मिसेस मॅक्लाउड’ या नावाने आहे आणि सोबत नोंद आहे की ही मूळ स्काय बेटावरची रील असून मिस्टर मॅक्लाउड यांच्याकडून मिळाली. म्हणजे बाई मूळची ‘मिसेस’, जहागीरदारीण. आयर्लंडमध्ये गेल्यावर ती ‘मिस’ झाली. तिने धून बांधली असा याचा अर्थ नाही. त्या काळी स्कॉटलंडमध्ये धुनांना आश्रयदात्यांची आणि त्यांच्या घरातल्या बायकांची नावं सर्रास दिली जात.

रासे हे स्कायला लागून असलेलं लांबट, चिंचोळं बेट. 1746 मध्ये कलॉडनच्या लढाईत राजाविरुद्धचं बंड मोडल्यानंतर सरकारी सैनिकांनी तिथली घरं जाळली, जहागीरदाराचा वाडाही त्यात गेला. तो पुन्हा उभा राहिला, आणि 1773 च्या सप्टेंबरात इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सन आणि त्याचा चरित्रकार जेम्स बॉझवेल तिथे पाहुणे म्हणून आले. जहागीरदाराला तीन मुलगे, दहा मुली. बॉझवेलने लिहून ठेवलंय की ते पोचले त्याच संध्याकाळी फिडलर आला आणि नाच सुरू झाला. पुढे बॉझवेल डून कान या बेटावरच्या सर्वांत उंच डोंगरावर चढला आणि माथ्यावरही रील नाचला! हीच धून त्या दिवशी वाजली असं मी म्हणत नाही, पण असल्या धुना कुठल्या घरात वाढल्या ते यातून कळतं.

त्या दहा मुलींतली थोरली फ्लोरा. तिची मुलगी लाउडनची काउंटेस झाली आणि 1804 मध्ये तिचं लग्न ज्याच्याशी झालं तो पुढे लॉर्ड हेस्टिंग्ज, 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हाचा गव्हर्नर जनरल. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वाद्य खाली ठेवून बराच वेळ बसून राहिलो होतो.

या घराण्याचं पुढे वाईट झालं. कर्जापायी 1840 च्या दशकात बेट विकलं गेलं आणि शेवटचा मॅक्लाउड जहागीरदार ऑस्ट्रेलियाला निघून गेला. नव्या मालकाने मेंढ्यांसाठी गावंच्या गावं उठवली. धून मात्र तोवर केव्हाच समुद्रापार गेली होती. अमेरिकेत तिला शब्द मिळाले आणि ती ‘हॉप लाइट लेडीज’ किंवा ‘अंकल जो’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

आता वाजवण्याबद्दल. फिडलवर ती बहुधा पांढरी पाचमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य जी सुराला सा मानून, वाजते. पहिला तुकडा असा: सा – ग सा प सा ग सा. सा डीच्या तारेवर तिसऱ्या बोटाने, ग आणि प शेजारच्या एच्या तारेवर, त्यामुळे गज सतत दोन तारांमध्ये झुलत राहतो. नाचणाऱ्यांचे पाय त्या झुलण्यावरच उचलले जातात. दुसऱ्या तुकड्यात सूर रे वर येऊन टेकतो. आपल्या कानाला तिथे सा हवासा वाटतो आणि मीही सुरुवातीला हात आपसूक तिकडे नेत असे. तसं करू नका. तो रे अधांतरी राहू द्या, म्हणजे पुढचा सा आपोआप ओढून घेतला जातो. ठेक्यासाठी जलद केरव्याच्या आठ मात्रा मनात धरा. आधी निम्म्या लयीत, कोणाला तरी समोर पावलं टाकायला लावून वाजवा.