जोडून केलेलं पिस्तूल, थकलेलं कार्ड आणि हातातला बोनस

प्रश्न : टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहतो. मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. दिवसा आयटीतली नोकरी. शनिवार-रविवारी भागीदारीतल्या किराणा दुकानाचं शटर मीच ओढतो आणि गल्ल्यातली रोकड घेऊन रात्री घरी येतो. त्यासाठी कमरेला लावता येईल असं छोटं पिस्तूल हवं आहे. तयार घेण्याऐवजी वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग आणून ग्लॉक १९ या ९ एमएम पिस्तुलाच्या धर्तीवर स्वतः जोडायचा विचार आहे. यादी सोबत पाठवतो. बोनसचे ४,००० डॉलर हातात आहेत, क्रेडिट कार्डावर २४ टक्क्यांनी २,६०० थकलेत, बाजूला दीड महिन्याचा घरखर्च आहे. जोडलेलं स्वस्त पडेल ना? पुढे विकलं तर पैसे सुटतील ना? मेहुणा एच-वन-बीवर आहे, आमच्याकडेच राहतो. त्यालाही शिकायचं आहे.

उत्तर : नाही, स्वस्त पडणार नाही. तुमच्याच यादीची बेरीज करू. फ्रेम (मुठीसकट खालचा सांगाडा) २५०, स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) ३२०, बॅरल (नळी) १८०, ट्रिगर संच (चापाचे भाग) १६०, रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायची काच) ३१०, किरकोळ भाग ९०. झाले १,३१०. त्यावर सव्वाआठ टक्के सेल्स टॅक्स आणि फ्रेम तुमच्या नावावर करून देणाऱ्या डीलरची ट्रान्सफर फी धरली की १,४५० च्या आसपास. आता रेड डॉट बसवता येईल असं तयार ग्लॉक १९ साधारण ६४० ला धरा, त्यावर तोच ३१० चा डॉट लावा, टॅक्स भरा, १,०३० होतात. म्हणजे वरचे ४२० डॉलर तुम्ही हौसेचे मोजताय. हौसेला माझी ना नाही, फक्त ती बचतीच्या रकान्यात लिहू नका.

यादी नीट वाचली तर आणखी एक गोष्ट दिसली. फ्रेम तुम्ही जेन ३ ची, म्हणजे ग्लॉकच्या तिसऱ्या पिढीची, धरली आहे आणि ट्रिगर संच जेन ५ चा, म्हणजे पाचव्या पिढीचा. ते एकमेकांत बसत नाहीत. जेन ३ ची पेटंटं संपली म्हणून बाजारात तिच्याच मापाचे इतके सुटे भाग मिळतात. जेन ५ ची आतली रचना वेगळी आहे. १६० डॉलर इथेच गेले असते, आणि उघडलेलं पाकीट दुकानदार परत घेईलच असं नाही.

भाग बसले तरी खर्च थांबत नाही. स्लाइड एकाची, बॅरल दुसऱ्याची, स्प्रिंग तिसऱ्याची. प्रत्येकाचं माप आपापल्या जागी बरोबर, पण सगळ्यांच्या मापातली थोडी-थोडी सूट एकाच बाजूला पडली की काडतूस अडकतं. हलक्या ट्रिगरसाठी स्ट्रायकरची (काडतुसाला मागून टोला देणाऱ्या दांड्याची) स्प्रिंग बदलली तर कधी कधी टोलाच पुरेसा बसत नाही आणि गोळी सुटत नाही. तक्रार कुणाकडे करणार? प्रत्येक कंपनी दुसरीकडे बोट दाखवणार, आणि अख्ख्या पिस्तुलाची वॉरंटी कुणीच देत नाही. म्हणून प्रत्येक बदलानंतर काही शे काडतुसं झाडून खात्री करावी लागते. सरावाचं ९ एमएम काडतूस २५ सेंटच्या आसपास पडतं, स्वसंरक्षणाचं हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ गोळीचं) डॉलरच्या घरात. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, कागदी निशाणाला भोकं पाडायची असतील तर चाललं असतं. जिवावर बेतल्यावर वापरायच्या हत्यारावर मी असले प्रयोग करणार नाही.

विक्रीचं म्हणाल तर कंपनीचं तयार पिस्तूल डब्यासकट विकलं की बऱ्यापैकी किंमत येते. अनोळखी माणसाने घरी जोडलेल्याला गिऱ्हाईक बिचकतं. शेवटी सुटे भाग निम्म्या-पाऊण भावात काढावे लागतात. विकण्यासाठीच जोडायचं म्हटलं तर फेडरल लायसन्स लागतं, त्यामुळे हा जोडधंदा डोक्यातून काढा. यादीच्या तळाशी ‘नाहीतर ८० टक्के किट’ (अर्धवट घडवलेली, विनानंबरची फ्रेम घरी पूर्ण करायचा संच) असं लिहिलंय, तेही खोडा. अशा किटांना बंदुकीसारखंच धरून नंबर सक्तीचा करणारा २०२२ चा नियम अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरला. उद्या नोकरीने न्यू जर्सीला नेलं तर विनानंबरचं पिस्तूल तिथे सरळ गुन्हा. तिथे मॅगझिनची (काडतुसं भरायच्या पेटीची) मर्यादाही १० काडतुसांची आहे, म्हणजे ग्लॉक १९ ची १५ ची मॅगझिनं विकून किंवा टाकून द्यायची.

मेहुण्यांचा विषय मात्र पैशांपेक्षा मोठा आहे. तुम्ही ग्रीन कार्डवाले, बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म ४४७३ भरून, तपासणी होऊन घेऊ शकता. एच-वन-बी हा नॉन-इमिग्रंट व्हिसा. त्यावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, फेडरल कायद्याने पिस्तूल काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात घेणंही त्यात येऊ शकतं. त्यांची ग्रीन कार्डाची फाईल अशा प्रकरणात अडकली तर वकिलाच्या फीपुढे तुमची ही यादी चिल्लर वाटेल. त्यामुळे किल्ली किंवा कोड फक्त तुमच्याकडे असलेली लॉकबॉक्स पहिल्या दिवसापासून हवी. १५० डॉलर धरा. मेहुण्यांना रेंजवर न्यायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

आता मुळाशी येऊ. धोका रोकड घेऊन फिरण्यात आहे, तर आधी रोकड कमी करा. तुमच्या बँकेच्या शाखेला नाइट डिपॉझिटची (शाखा बंद झाल्यावरही रोकड टाकता येणारी) खिडकी असेल तर रोजचा गल्ला तिथेच टाका. दुकानाच्या विमा पॉलिसीत रोख रकमेचं कव्हर आहे का, असलं तर वाटेतल्या चोरीलाही लागू आहे का, हे एजंटकडून लेखी घ्या. भागीदारालाही आळीपाळीने शटर ओढायला लावा, सगळा भार तुमच्यावरच का?

बोनसमधून आधी कार्डाचे २,६०० फेडा; महिन्याला पन्नासेक डॉलर व्याज तिथे जातंय. उरलेले १,४०० बाजूच्या दीड महिन्यात घाला. तीन महिन्यांची सोय झाली की पिस्तूल घ्या. तेव्हाही तयार, साधं, रेड डॉटशिवाय, टॅक्ससकट साडेसहाशे. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल कमरेला लावून फिरता येतं, तरी ४० डॉलर भरून परवाना काढाच. इतर अनेक राज्यांत तो चालतो. वाचलेले ४२० सरावाला लावा, दीडेक हजार काडतुसं येतील.

आणि डिसेंबरात गावी यायचं तिकीट काढलं असेल तर रेंजवर नेता ती बॅग प्रवासाला घेऊ नका. अस्तरात राहिलेलं एक काडतूसही भारतातल्या विमानतळावर सापडलं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो.