सुरुवात गिलोटिनपासून करा

शिक्षेच्या यंत्रांचा इतिहास नव्याने वाचताय ना, मग न्यूरेंबर्गच्या ‘आयर्न मेडन’पासून, म्हणजे आत खिळे असलेल्या माणसाएवढ्या पेटीपासून, सुरू करू नका. ती मध्ययुगात वापरल्याचा भरवशाचा पुरावा नाही. गोष्ट पसरली अठराव्या शतकाच्या अखेरीस. गिलोटिन घ्या, म्हणजे वरून पडणाऱ्या पात्याने शिरच्छेद करणारं फ्रेंच यंत्र; त्याची कागदपत्रं भरपूर आहेत. ज्यांचं नाव त्याला मिळालं, त्या डॉ. गिलोटिन यांनी ते बनवलं नाही. गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकच, कमी यातनेची शिक्षा असावी, एवढी त्यांची मागणी. आराखडा शल्यचिकित्सक आंत्वान लुई यांचा, बांधणी वाद्यं घडवणाऱ्या तोबियास श्मिटची. पहिला वापर २५ एप्रिल १७९२ ला पॅरिसमध्ये, पेलतिए नावाच्या दरोडेखोरावर; शेवटचा मार्सेयला, १९७७ साली. इतक्या अलीकडे! मला हे अजून अस्वस्थ करतं. मग एडिंबरोच्या संग्रहालयातलं १५६४ चं ‘मेडन’ पाहा. तेही पात्याचंच, फ्रान्सच्या सव्वादोनशे वर्षं आधीचं.