आयव्हीएफच्या तीन सायकलचं पॅकेज आज घेऊ नका

ताई, तुमचं वय ३६, मिस्टर ३९, दोन वर्षं प्रयत्न चालू, एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) कमी आलंय, आणि क्लिनिकवाले म्हणतायत याच आठवड्यात तीन आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सायकलचे पैसे एकदम भरले तर डिस्काउंट, तर त्यासाठी रिटायरमेंटचा फंड मोडू का असं विचारलंत.

मोडू नका. पण दोन वर्षं पैसे साठवा मग बघू, हेही सांगणार नाही. एरवी पैशांचा सल्ला विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतो, पण इथे वय थांबत नाही, पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून जमलं नाही तर लगेच तपासण्या करा म्हणतात ते उगाच नाही.

तुम्ही पाठवलेल्या बिलांत एएमएच आहे, थायरॉइड आहे, सोनोग्राफी आहे, ट्यूब उघड्या आहेत का बघायची एचएसजी पण आहे, आणि मिस्टरांच्या वीर्य तपासणीचं एकही बिल नाही! अहो जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं नाहीतर जोडीला, आणि या सगळ्यात स्वस्त टेस्टपैकी ही एक. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या मॅन्युअलमध्ये खालची मर्यादा मिलीलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू धरलीय, त्याहून कमी आलं तरी लगेच घाबरायचं नाही, टेस्ट परत करतात, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीचेक महिने लागतात आणि मधे ताप येऊन गेला तरी आकडा पडतो. एएमएचचंही तसंच, इंजेक्शनांनी साधारण किती अंडी मिळतील याचा अंदाज येतो, क्वालिटी कळत नाही.

आता पॅकेज. 'सायकल' म्हणजे काय ते लेखी घ्या. एकदा अंडी काढून जेवढे भ्रूण बनले ते सगळे एकेक करून ट्रान्सफर करणार, म्हणजे गर्भाशयात सोडणार, की ट्रान्सफर एकच? इंजेक्शनं धरलीत का, कारण एएमएच कमी असलं की डोस बहुतेकदा वाढतो आणि डिस्काउंट तिथेच जिरतो. भूल, भ्रूण फ्रीझ करणं, वर्षाचं स्टोरेज भाडं, नंतरचं फ्रोझन ट्रान्सफर? पहिल्याच वेळी दिवस राहिले तर उरलेल्या दोनचे पैसे परत देणार का, आणि फॉलिकल (अंडी ज्यात वाढतात त्या पिशव्या) वाढलेच नाहीत म्हणून सायकल मधेच कॅन्सल झाली तर ती मोजणार का? आणि इक्सी (एक शुक्राणू सुईने थेट अंड्यात सोडणं) वगैरे जोडून देत असतील तर कशासाठी ते विचारा, शुक्राणू नॉर्मल असताना इक्सीने मूल होण्याचा चान्स वाढत नाही, बिल तेवढं वाढतं.

माझा हिशोब असा. सहा महिन्यांच्या घरखर्चाला हात लावायचा नाही. डॉक्टर आयव्हीएफच म्हणाले तर एकाच सायकलचे पैसे काढायचे, बचतीतून आधी, कमी पडले तरच फंडातून तेवढेच. दुसरी करायची की नाही ते पहिल्यात किती अंडी, किती भ्रूण निघाले ते बघून, आणि जास्तीत जास्त किती खर्चायचं तो आकडा दोघांनी आत्ताच ठरवून कागदावर लिहा, रिझल्टच्या दिवशी ठरवायला बसू नका. इंजेक्शनांचे दहाबारा दिवस सारखी सोनोग्राफी असते, बिनपगारी रजा पडणार असेल तर तीही धरा.

वीर्याचा रिपोर्ट आणि क्लिनिकचं लेखी ब्रेकअप पाठवा, मग आकडे टाकून बघतो. डिस्काउंट गेला तर जाऊ दे.