तालुक्याचा वार्ताहर आणि न छापलेली बातमी

प्रश्न : आमच्या तालुक्यातील एका खरेदी केंद्रावर सोयाबीनच्या वजनात मनमानी घट धरली जात होती. काट्याच्या पावत्या घेऊन आम्ही एका दैनिकाच्या वार्ताहराला भेटलो. बातमी आली नाही. त्याच आठवड्यात केंद्रचालकाच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात मात्र आली. अशा वर्तमानपत्रांच्या स्वातंत्र्याची काळजी आम्ही का करावी?
— एक शेतकरी, परभणी जिल्हा

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. तरीही ज्याची काळजी का करावी असे तुम्ही विचारता, ते स्वातंत्र्य मुळात तुमचे आहे. राज्यघटनेत वृत्तपत्रांसाठी वेगळे कलम नाही. कलम १९(१)(अ) नागरिकाला जे अभिव्यक्तिस्वातंत्र्य देते, त्यातच वृत्तपत्राचे स्वातंत्र्य येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्येच मानले.

मराठवाड्याला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. निजामी राजवटीत आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली, तेव्हा त्यांनी नावे बदलून अंक काढले, ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची हत्या झाली, आणीबाणीत ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव तुरुंगात गेले. लिहिणारा त्याची किंमत मोजतो आहे, हे तेव्हाच्या वाचकाला दिसत होते.

आज बंदीहुकमाची गरज क्वचितच पडते. तालुक्याच्या गावाहून बातम्या पाठवणाऱ्या अनेकांना पगार नसतो, असलेच तर नाममात्र मानधन असते, आणि घर चालते ते जाहिरातींच्या कमिशनवर. म्हणजे ज्या बाजार समितीविषयी किंवा कारखान्याविषयी लिहायचे, तिच्याच दारात वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी हात पसरावा लागतो. त्या वार्ताहराला मी निर्दोष ठरवत नाही, परंतु माझ्या मते मोठा दोष त्याला असे राबवणाऱ्या व्यवस्थापनाचा आहे. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन छापलेली उमेदवारांची स्तुती बातमी म्हणून वाचकांच्या हाती पडली. वृत्तपत्रांच्या वर्तनावर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिल या वैधानिक संस्थेच्या उपसमितीने त्याचा सविस्तर अहवाल तयार केला, तो कौन्सिलने २०१० मध्ये पूर्ण प्रसिद्ध केला नाही आणि माहिती अधिकारामुळे २०११ मध्ये बाहेर आला. दुसऱ्यांकडे पारदर्शकता मागणाऱ्यांनी स्वतःविषयीचा कागद झाकून ठेवावा, ही गोष्ट मला आजही सलते.

तुम्ही आता पावत्यांच्या प्रती, तारखा आणि वजनांसह संपादकांना लेखी पत्र पाठवा व पोच जपून ठेवा. उत्तर समाधानकारक नसेल तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. ती मजकूर छापल्याबद्दल जशी चालते तशी न छापल्याबद्दलही चालते. मात्र दैनिकांबाबत मुदत दोन महिन्यांची आहे. कौन्सिल दंड करू शकत नाही, फक्त ताकीद देऊ शकते किंवा निषेध नोंदवू शकते. वजनातील घटीची तक्रार मात्र सहकारी संस्थांचे जिल्हा उपनिबंधक आणि वजनमापे तपासणारे वैधमापन कार्यालय यांच्याकडे आजच करा, बातमीची वाट पाहू नका. आणि त्या अर्जाची प्रत दुसऱ्या दैनिकाच्या जिल्हा कार्यालयातही द्या.