अकरावीतल्या मुलीला मैत्रिणीच्या स्कूटीवर मागे बसू द्यावे का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगी अकरावीत आहे, क्लासमधल्या दोन मैत्रिणींना घरून स्कूटी मिळाली आहे, ती त्यांच्या मागे बसून ये-जा करू लागली आहे आणि आता तिलाही स्वतःची गाडी हवी आहे. नाही म्हटले तर ती एकटी पडेल आणि हो म्हटले तर तुमच्या जिवाला घोर लागेल, असे तुम्ही लिहिले आहे. माझे उत्तर थोडक्यात असे की अठरा वर्षे पूर्ण होऊन पक्के लायसन्स हातात येईपर्यंत तिला गाडी देऊ नका, आणि लायसन्स नसलेल्या कोणाच्याही मागे तिला बसू देऊ नका. यातला दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. तो मला फार उशिरा कळला, म्हणून पुढचे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही साताऱ्याचे. २०२२ च्या जुलै महिन्यात माझा मुलगा बारावीत होता, वय सतरा. आम्ही त्याला गाडी दिलेली नव्हती आणि त्यावरून घरात वर्षभर धुसफूस चालू होती. त्याला सायकल होती, क्लास लांब नव्हता, आणि आपण आपल्यापुरते काम चोख केले आहे असे मी समजत होते. त्याच्या जिवलग मित्राला मात्र दहावीच्या निकालानंतर वडिलांनी १५० सीसीची मोटारसायकल घेऊन दिली होती. गाडी अर्थातच वडिलांच्या नावावर होती. ती दोन्ही मुले बालवाडीपासून एकत्र वाढलेली, आम्ही दोघी आया एकाच भिशीत, एकमेकींच्या घरी न विचारता जाणाऱ्या. त्या गाडीवर कोण बसते, हा प्रश्न मी कधी विचारला नाही.

त्या रविवारी दुपारी तो मित्राकडे जातो म्हणून निघाला. साताऱ्यात पावसाळ्याच्या रविवारी पोरे कुठे जातात हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे: समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि कासच्या रस्त्याला लागायचे. जुलैत पठारावर फुले नसतात, धुके असते, आडवा पाऊस असतो आणि पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते. साडेचारच्या सुमारास मला अनोळखी नंबरवरून फोन आला. घाटात कणसे भाजून विकणाऱ्या एका माणसाचा तो फोन होता. “तुमचा पोरगा शुद्धीवर आहे, घाबरू नका, पण लवकर या,” एवढेच तो म्हणाला. त्या माणसाने दोघांना एका पर्यटकाच्या गाडीत घालून खाली पाठवले होते. त्याचे नाव मला आजही ठाऊक नाही.

घडले ते असे. उतरताना एका वळणावर समोरून गाडी आली, मित्राने घाबरून फक्त पुढचा ब्रेक करकचून दाबला, ओल्या रस्त्यावर पुढचे चाक सरकले आणि दोघे कठड्याच्या दिशेने घसरत गेले. मागे माणूस बसला की गाडीचा तोल बदलतो, थांबायला अंतर जास्त लागते आणि वळणावर मागच्याने उलट्या बाजूला अंग टाकले तर चालवणारा गोंधळतो. ही गोष्ट त्या मुलाला कोणी शिकवलेली नव्हती. आपल्याकडे “त्याला गाडी येते” याचा अर्थ एवढाच असतो की काकांनी मैदानात चार फेऱ्या मारून घेतल्या आणि आता तो पडत नाही. हेल्मेट एकच होते आणि ते आरशाला अडकवलेले होते. माझ्या मुलाचे कॉलर बोन मोडले, मित्राच्या हनुवटीला सात टाके पडले आणि एका हाताची साल कोपरापासून मनगटापर्यंत निघाली. कठडा तिथे होता म्हणून आज मी हे लिहू शकते.

आता मूळ गोष्टीकडे येते. इस्पितळात अपघात विभागात नर्स माझ्या मुलाचे जर्किन कात्रीने कापत होती, कारण हात वर करता येत नव्हता, आणि कर्तव्यावरचे डॉक्टर कागद भरत होते. रस्ता अपघाताची केस पोलिसांकडे कळवावी लागते, त्यामुळे ते विचारतातच. त्यांनी विचारले, “गाडी कोण चालवत होतं?” मित्राचे वडील आमच्या आधी पोहोचले होते. ते लगेच म्हणाले, “मी.” बाहेर धो धो पाऊस, दोन्ही मुले डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेली, आणि त्यांच्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर चिखलाचा एक थेंबही नव्हता. डॉक्टरांनी मान वर करून पाहिले. माझ्या मुलाने माझ्याकडे पाहिले. मित्राने मान खाली घातली. माझे यजमान माझा हात दाबत होते, म्हणजे गप्प राहा. मी म्हणाले, “हा मुलगा चालवत होता. तो सतरा वर्षांचा आहे.”

त्या वाक्याने आमची पंधरा वर्षांची मैत्री संपली. पुढे काय कारवाई झाली ते मी इथे लिहीत नाही, कारण ते दुसऱ्या कुटुंबाचे आहे. पण त्या मुलाच्या आईने मला फोन करून जे सुनावले ते माझ्या कानात अजून आहे. ती म्हणाली, “तुझ्या एका वाक्यामुळे माझ्या मुलाच्या आयुष्याला डाग लागला.” भिशीतल्या बाकीच्या बायकांचेही हेच मत पडले की मुलांच्या भविष्याचा प्रश्न असताना मी थोडे सांभाळून घ्यायला हवे होते. माझे यजमान आजही म्हणतात की खरे बोलायची ती वेळ नव्हती.

मला मात्र आजही वाटते की तीच वेळ होती. दोन सतरा वर्षांची मुले तिथे पडून ऐकत होती. आपल्या चुकीची किंमत वडील खोटे बोलून फेडतात हे त्या दिवशी त्यांना दिसले असते, तर पुढच्या खेपेला ब्रेक दाबताना त्यांनी काय विचार केला असता? शिवाय ते खोटे टिकणारे नव्हते. घाटात दहा माणसांनी पाहिले होते. खोटा चालक उभा करणे हा वेगळाच गुन्हा ठरतो, आणि त्यात माझ्या मुलाला साक्षीदार म्हणून आयुष्यभर तेच खोटे वागवावे लागले असते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीने दोन तरुण इंजिनिअर मृत्युमुखी पडले, तेव्हा सगळा महाराष्ट्र त्या मुलाला जामीन देताना घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर संतापला होता. आमच्या भिशीतल्या बायकाही संतापल्या होत्या. गावातल्या ओळखीच्या मुलाची वेळ आली तेव्हा त्याच बायकांनी सांभाळून घ्यायला सांगितले होते, हे मी विसरू शकत नाही.

डाग कोणामुळे लागला याचे उत्तर कायद्यातच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आले आणि ते १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. “पोराने न विचारता गाडी नेली” असे म्हणून सुटता येत नाही. पालकांची संमती होती असेच कायदा गृहीत धरतो, आणि नव्हती हे पालकांनी सिद्ध करायचे असते. दाराजवळच्या खिळ्याला किल्ली टांगून ठेवणारा माणूस हे कसे सिद्ध करणार? विम्याचेही तसेच आहे. चालकाकडे लायसन्स नसेल तर विमा कंपनीने जखमीला भरपाई दिली तरी ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करता येते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली देणारे आईवडील स्वतःची सोय पाहतात, क्लासला सोडण्या-आणण्याची कटकट टाळतात आणि त्याला मुलावरचे प्रेम म्हणतात.

“आम्ही नाही का सोळाव्या वर्षी लुना चालवली?” हे माझे थोरले दीर प्रत्येक सणाला म्हणतात, आणि तुम्हालाही कोणीतरी म्हणेलच. सोळा वर्षांनंतर गिअर नसलेली ५० सीसीपर्यंतची गाडी चालवायचे लायसन्स मिळते हे खरे आहे, आणि लुना त्यात बसत होती. पण आज पेट्रोलवर चालणारी ५० सीसीची गाडी बाजारात शोधून सापडत नाही. मुलींना ‘साधी स्कूटी’ म्हणून दिली जाते ती ११० किंवा १२५ सीसीची असते, आणि ती सोळाव्या वर्षी चालवणे बेकायदेशीरच आहे. लुनावर बसून दीर राजवाड्यावरून पोवई नाक्यापर्यंत जात होते. आजची मुले त्याच सहजतेने पुणे-बंगळूरु महामार्गावर मालवाहू ट्रकांच्या मधून जातात. ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या, २५० वॉटपर्यंतच्या इलेक्ट्रिक गाडीला लायसन्स लागत नाही. मुलीची खरोखर गैरसोय होत असेल तर तो एक मार्ग आहे, पण विकणाऱ्याने वेग वाढवून दिलेला नाही ना, याची खात्री करून घ्या.

आता मागे बसण्याविषयी. आपण सगळे आईबाप आपल्या मुलाला गाडी द्यायची की नाही याच विचारात अडकतो, पण मुलांचे आयुष्य मित्रांच्या गाड्यांवर चाललेले असते. माझ्या मुलाने हँडल कधी हातात धरले नव्हते, तरी हाड त्याचेच मोडले. म्हणून मुलीला “बसायचे नाही” एवढे सांगून भागत नाही, कारण चार मैत्रिणींसमोर नाही म्हणणे त्या वयात फार अवघड असते. नाही म्हटल्यावर घरी कसे यायचे याची सोय तुम्ही करून द्यायला हवी. अपघातानंतर मी मुलाच्या मोबाईलच्या कव्हरमागे दोनशेची नोट घडी करून ठेवली आणि सांगितले की ही फक्त रिक्षासाठी आहे, ती कुठे आणि का वापरली हे मी विचारणार नाही. एकदा ट्रिपल सीट बसायची वेळ आली तेव्हा तो उतरला आणि रिक्षाने आला. मी काही न बोलता दुसरी नोट ठेवली. यजमानांनी रात्री-अपरात्री आणायला जायचे कबूल केले आणि ते दोन-तीनदा गेलेही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे.

अठरा पूर्ण झाल्यावर मात्र अडवू नका. लर्निंग लायसन्स काढा. तीस दिवसांनी पक्क्यासाठी चाचणी देता येते, पण आठाचा आकडा काढता आला म्हणजे रस्ता आला असे समजू नका. आमच्या मुलाला मी लर्निंगचे पूर्ण सहा महिने वापरायला लावले, आणि त्यात पावसाळा येईल असे पाहिले. मागे आधी त्याचे वडील बसले, मग मी. मी बसले तेव्हा वळणावर माझे हात थरथरत होते. त्याने गाडी बाजूला घेतली आणि विचारले, “आई, थांबू का?” मनातली भीती कशी घालवायची, हे तुम्ही विचारले आहे. त्याचे उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. तो आता पुण्यात शिकतो, स्वतःची गाडी चालवतो, आणि रात्री “पोहोचलो” असा संदेश येईपर्यंत मी अजूनही झोपत नाही.

एक गोष्ट मान्य करायला हवी की हे सगळे मी शहरात राहून लिहिते आहे. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, पण क्लास सुटायच्या वेळेला एसटीच नसेल तर पास काय कामाचा, आणि स्कूटीमुळेच ज्यांचे शिक्षण चालू राहिले अशा मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्या आईवडिलांना मी ‘सोय पाहणारे’ म्हणणार नाही. त्या मित्राच्या आईवडिलांविषयीही मी वर कठोर लिहिले आहे, पण एक गोष्ट लपवणे बरोबर होणार नाही. ती मोटारसायकल आली तेव्हा पूजेला मी हजर होते. चाकाखाली लिंबू ठेवले होते, मी स्वतः गाडीला हळदकुंकू लावले, पेढा खाल्ला, आणि मुलगा सोळाचाही नीट झालेला नाही हे ठाऊक असून एक शब्द बोलले नाही, कारण मैत्रिणीला वाईट वाटले असते. इस्पितळात जे बोलले ते त्या दिवशी बोलायला हवे होते.

म्हणून आज संध्याकाळी त्या दोन्ही मैत्रिणींच्या आयांना फोन करा. लायसन्स आहे का, असे सरळ विचारा. नसेल तर माझी मुलगी तुमच्या मुलीच्या मागे बसणार नाही, असे सांगा, आणि शक्य असेल तर तिघींसाठी मिळून एक रिक्षा लावायची तयारी दाखवा. त्यांना राग येईल. माझ्या मैत्रिणीलाही तेव्हा आला असता, पण तो राग बहुधा पुढच्या भिशीपर्यंत निवळला असता.