छोट्या गाडीत बाळाची सीट: वाचकांचे प्रश्न

या वेळची बरीच पत्रं एकाच विषयाची आहेत: गाडी छोटी, बाळ नवं, आणि मागे तोंड करून बसवायची चाइल्ड सीट नीट बसत नाही. निवडक प्रश्नांना सविस्तर उत्तरं देत आहोत.

आमची हॅचबॅक नऊ वर्षं जुनी आहे, आयसोफिक्स (चाइल्ड सीट अडकवायच्या गाडीतल्या सळ्या) नाही. सहा महिन्यांच्या मुलीसाठी इन्फंट कॅरिअर (हँडलवाली, मागे तोंड असलेली बाळाची सीट) आणलं, पण बेल्ट बकलपर्यंत पोचतच नाही. सीट कव्हरवाला बेल्टला तुकडा जोडून देतो म्हणतो. द्यावा का? (कोल्हापूर)

अजिबात नाही. बेल्टचा पट्टा, त्याची शिवण आणि बकल यांची ताकद एकत्र तपासलेली असते. दुकानात मारलेली शिवण धडकेत पहिली उसवते. बाजारात मिळणारे बेल्ट एक्स्टेंडरही चाइल्ड सीटला वापरू नयेत.

आधी बेल्ट योग्य वाटेने नेताय का ते पाहा. मागे तोंड असलेल्या सीटवर बेल्टची वाट निळ्या रंगाने दाखवलेली असते, पुढे तोंड असलेल्या सीटवर लाल रंगाने. कन्व्हर्टिबल (मागे किंवा पुढे, दोन्हीकडे तोंड करता येणाऱ्या) सीटवर दोन्ही खुणा असतात आणि घोळ तिथेच होतो. कॅरिअर मागच्या बाकावर ठेवा, बाळाचे पाय गाडीच्या पाठटेकूकडे. बेल्ट एका दमात पूर्ण बाहेर ओढा. कमरेचा पट्टा बाळाच्या पायांवरून, दोन्ही बाजूंच्या निळ्या खाचांतून नेऊन बकल लावा. मग खांद्याचा पट्टा कॅरिअरच्या पाठीमागून फिरवून तिथल्या निळ्या खाचेत अडकवा. आता एका हाताने कॅरिअर बाकात दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने आधी कमरेचा, मग खांद्याचा पट्टा ताणून उरलेली ढील रीळात जाऊ द्या. पट्ट्याला कुठेही पीळ नको. हँडल उभं ठेवायचं की मागे पाडायचं हे प्रत्येक कॅरिअरचं वेगळं असतं, ते पुस्तिकेत पाहा.

इतकं करूनही बेल्ट अपुरा पडला तर बाकाच्या दुसऱ्या बाजूला लावून बघा. तिथेही पुरला नाही, तर ते कॅरिअर तुमच्या गाडीसाठी नाही. जुन्या छोट्या गाड्यांत हे बऱ्याचदा होतं, कारण खांद्याचा पट्टा कॅरिअरला पूर्ण वळसा घालून यावा लागतो. मधल्या जागेवर नुसता कमरेचा पट्टा असेल तर तिथे हे कॅरिअर बांधता येणार नाही. कन्व्हर्टिबल सीटमध्ये बेल्टची वाट बहुधा वेगळी असते, म्हणून तीही गाडीत लावून बघा. सीट गाडीत बांधून बघू देईल अशाच दुकानातून घ्या. ऑनलाइन मागवलीत तर परत करण्याची मुदत संपायच्या आत बांधून बघा.

सीट बांधली जाते, पण हलवली की सरकते. दुकानदार म्हणाला एवढं चालतं. (नाशिक)

किती चालतं याचं माप आहे. सीट वरच्या टोकाला धरून हलवू नका, तिथे ती थोडी झुलणारच. बेल्ट जिथून जातो तिथे धरा आणि डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे ओढा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर बांधणी सैल आहे.

आपल्याकडे सैलपणाचं मोठं कारण म्हणजे सीट कव्हर. जाड फोमवर रेक्झिन चढवलेलं कव्हर गुळगुळीत असतं आणि दाबलं की बसतं. दुकानात घट्ट बांधलेली सीट चार दिवसांत ढिली पडते ती यामुळे. शिवाय कव्हर शिवताना बकलची जागा आवळली जाते आणि बकल तिरकं होतं. निदान त्या एका जागेवरचं कव्हर काढून टाका. मागच्या बाकाची पाठ घडी होणारी असेल तर तिची कडी पूर्ण बसली आहे का, हेही पाहा.

दुसरं कारण बकलचा दांडा. काही गाड्यांत तो लांब असतो, आणि पट्टा ताणल्यावर बकल नेमकं सीटच्या खाचेच्या वळणावर येऊन बसतं. मग बकलवर आडवा ताण येतो, बेल्ट घट्ट राहत नाही, धडकेत बकल तुटू शकतं. यावर दुरुस्ती नाही. जागा बदला किंवा सीट बदला.

नव्या गाडीत आयसोफिक्स आहे, म्हणजे खटका वाजला की काम झालं ना? मागे आजीही बसतात. (ठाणे)

खटका ही निम्मी बांधणी. आयसोफिक्सच्या दोन सळ्या बाक आणि पाठटेकू यांच्या फटीत, एकमेकींपासून 280 मिलिमीटरवर असतात. त्यांच्यावर सीटचे दोन हात अडकतात आणि दोन्ही खुणा हिरव्या होतात. पण दोनच टोकांवर धरलेली सीट धडकेत पुढे कलंडते. तिला रोखायला तिसरा आधार लागतो. मागे तोंड असलेल्या सीटला तो बहुतेकदा जमिनीवर टेकणारा पाय असतो.

हा पाय सगळ्यांत जास्त चुकतो. सध्या फॅशनमध्ये असलेल्या जाड फोमच्या मॅटवर तो टेकवला तर खुणेत हिरवं दिसतं, पण धडकेत मॅट दबते आणि सीट वाकते. त्या जागेची मॅट उचला आणि पाय मूळ फरशीवर टेकवा. पायाखाली सामान ठेवायचा पोकळ कप्पा असेल तर तिथे पायवाली सीट लावू नका. आयसोफिक्स सळ्या कव्हरखाली लपल्या असतील तर चीर देऊन मोकळ्या करून घ्या.

खरेदीआधी गाडीच्या पुस्तिकेतला चाइल्ड सीटचा तक्ता उघडा. आयसोफिक्स सीटच्या मापाला अक्षरं असतात: ई म्हणजे तान्ह्याचं कॅरिअर, डी आणि सी म्हणजे मोठ्या बाळाची मागे तोंड असलेली सीट. त्यांत सी सर्वांत मोठी. छोट्या गाडीच्या तक्त्यात सी नसेल तर तशी सीट घेऊन फसू नका.

आजींबद्दल. आय-साइज सीट (आयसोफिक्सवर बसणारी, नव्या युरोपीय मानकाची) 44 सेंटिमीटरपर्यंत रुंद असू शकते. छोट्या हॅचबॅकमध्ये सीट, आई आणि आजी अशी तिघांची रांग कागदावरच बसते. बाळाची सीट मागे डावीकडे ठेवा, म्हणजे बाळाला रस्त्याच्या कडेने काढता-ठेवता येईल. आई बाळाशेजारी आणि आजी पुढे, ही मांडणी सोयीची. सीटला जागा करण्यासाठी पुढची खुर्ची सरकवावी लागेल, म्हणून पुढे घरातली ठेंगणी व्यक्ती बसलेली बरी. मात्र तिची छाती आणि डॅशबोर्ड यांत किमान 25 सेंटिमीटर राहू द्या. पुढची खुर्ची बाळाच्या सीटला टेकली तर चालतं की नाही, हे सीटच्या पुस्तिकेत पाहा.

मी एकटीच बाळाला घेऊन जाते. पुढच्या सीटवर, डोळ्यांसमोर बसवलं तर? (पुणे)

एअरबॅग चालू असेल तर कधीही नाही. सीटची पाठ डॅशबोर्डला अगदी लागून येते. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि तो पूर्ण आघात बाळाच्या डोक्यामागे असलेल्या सीटच्या पाठीवर बसतो. एप्रिल 2021 पासून नव्या मॉडेलना पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली, पण ती बंद करण्याचं बटण अनेक छोट्या गाड्यांत नसतं. गॅरेजमध्ये एअरबॅगची वायर काढून घेणं हा उपाय नव्हे. बाळ रडलं तर गाडी कडेला घ्या.

भावाने न्यू जर्सीहून महागडी सीट पाठवली आहे. इथे वापरावी का? (छत्रपती संभाजीनगर)

सीट चांगली असेल, पण ती तिथल्या गाड्यांसाठी केलेली आहे. तिथल्या गाड्यांत प्रवाशांचे बेल्ट पूर्ण ओढल्यावर रीळ कुलूपबंद होतं आणि पट्टा परत सैल होत नाही. अमेरिकन सीटची बांधणी त्यावर विसंबून असते. आपल्या बहुतेक गाड्यांचं रीळ फक्त झटक्याने अडकतं. मग सीट पहिल्या दिवशी घट्ट आणि आठवड्याने ढिली. सीटमध्ये पट्टा आवळून धरणारी स्वतःची पकड असेल, किंवा तुमच्या गाडीत आयसोफिक्सच्या सळ्या असतील, तर ती घट्ट बसू शकते. सळ्यांत तिच्या पट्ट्याचे आकडे अडकतात. मात्र त्या पट्ट्याला वजनाची मर्यादा असते, ती लेबलवर वाचा.

लेबलवर एफएमव्हीएसएस 213 हा अमेरिकेचा चाइल्ड सीटचा मानक असेल. आपल्याकडचा मानक एआयएस-072, आणि दुकानातल्या बऱ्याच सीटवर आर44 किंवा आर129 या युरोपीय मानकांचं नारिंगी लेबल असतं. नियमाच्या काटेकोरपणे पाहिलं तर अमेरिकन सीट इथल्या नियमात बसत नाही, आणि इथली सीट अमेरिकेत नेली तरी तेच.

मुलगा चौदा महिन्यांचा, दहा किलो. पाय दुमडतात, घरचे म्हणतात आता पुढे तोंड करा. आणि सीट नसली तर दंड किती? (सोलापूर)

करू नका. दुमडलेले पाय गैरसोयीचे दिसतात, मुलं मात्र आरामात मांडी घालून बसतात. प्रश्न मानेचा आहे. नवजात बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या सुमारे चौथाई असतं, आणि या वयात मणक्यांचे काही सांधे अजून कूर्चेचे असतात. पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचं धड पट्ट्यांनी थांबतं आणि डोकं पुढे झेपावतं. मागे तोंड असेल तर डोकं, मान आणि पाठ एकत्र सीटच्या टरफलात रुततात. आर129 मध्ये 15 महिन्यांच्या आत पुढे तोंड करायला मनाईच आहे. त्यानंतरही सीटची मर्यादा संपेपर्यंत थांबा. डोक्याचा माथा सीटच्या कडेपर्यंत आला, किंवा वजन मर्यादेबाहेर गेलं, की सीट संपली. जुन्या कॅरिअरची मर्यादा बहुधा 13 किलो असते, म्हणून मोठ्या मापाची कन्व्हर्टिबल आताच शोधा.

आणि दंडाचं विचारलंत म्हणून: मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-ब नुसार 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेल्यास 1,000 रुपये.

हॉस्पिटलमधून घरी आणताना बाळ दुपट्यात गुंडाळलेलं असेल. तसंच बांधायचं? (रत्नागिरी)

नाही. दोन पायांमधून बकल येतं, दुपट्यात ते लागतच नाही. झबलं-लंगोट घालून बाळ सीटमध्ये ठेवा, पट्टे लावा, मग दुपटं वरून पांघरा. जाड स्वेटरही नको, तो दबतो आणि पट्टा ढिला राहतो. पट्टे खांद्याच्या बरोबरीच्या किंवा किंचित खालच्या खाचेतून यावेत. खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरता आला तर अजून आवळा.

तान्ह्याची सीट साधारण 45 अंशांत मागे कलती हवी. त्यापेक्षा उभी राहिली की हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. कोन सपाट जमिनीवर गाडी उभी करून, सीटवरच्या खुणेने तपासा. मागचा बाक उतरता असेल आणि खूण जुळत नसेल, तर पुस्तिका परवानगी देत असेल तरच खालच्या फटीत गुंडाळलेला टॉवेल ठेवा. पहिल्या महिन्यात सलग अर्ध्या तासाहून जास्त सीटमध्ये ठेवू नका. मोठा प्रवास असेल तर थांबून बाळाला बाहेर काढा, आणि निघण्याआधी पट्ट्याचं बकल हाताने चाचपून पाहा, उन्हात ते चटका बसेल इतकं तापतं.